वाळूतलं पाणी आणि वेबसाइटवरची तारीख

कोल्हापूरजवळ शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या एमआयडीसीत एखाद्या फौंड्रीच्या, म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यांत ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, सँड प्लांटपाशी गेलं, की एक जुना जाणता माणूस हमखास भेटतो. मिक्सरमधून पडलेली वाळू तो मुठीत घेतो, आवळतो, तयार झालेला मुटका मधोमध मोडतो आणि मोडलेल्या कडेकडे बघून सांगतो, ‘पाणी जरा जास्त झालंय.’ ती मूठ सहसा चुकत नाही. अडचण एवढीच, की एका पाळीत ती मोजक्याच वेळा वळते आणि साचे मात्र सतत निघत असतात.

ओतकामाच्या या वाळूत सिलिका, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि वजनाने साधारण ३ ते ४ टक्के पाणी असतं. बेंटोनाइटचे कण म्हणजे सूक्ष्म पापुद्र्यांच्या थप्प्या. त्यांच्यात पाणी शिरलं की वाळूचे कण एकमेकांना धरून बसतात. पाणी कमी पडलं तर साच्याची कड ढासळते आणि सुटी वाळू कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, अडकते. जास्त झालं तर वेगळंच संकट. सुमारे १,४०० अंश सेल्सिअसचं लोखंड आत शिरताच त्या पाण्याची वाफ होते, आणि १ लिटर पाण्यापासून उकळबिंदूला सुमारे १,७०० लिटर वाफ तयार होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच कोंडते. हाच ब्लो होल. काही ब्लो होल पृष्ठभागाखाली लपून राहतात. कास्टिंग चकाचक दिसतं, तपासणीत पास होतं, ट्रकमध्ये चढतं आणि पुण्याच्या मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतल्यावर भोक उघडं पडतं. तिथून फोन येईपर्यंत आठवडा गेलेला असतो आणि तोवर तशाच वाळूचे शेकडो साचे ओतून झालेले असतात.

इथे चुकीपेक्षा चुकीची बातमी उशिरा पोहोचणं जास्त महाग पडतं. ऑटोमेशन आणि वेबसाइट या वरकरणी वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टींचा विचार मी एकत्र करतो, तो या कारणाने. पहिली गोष्ट यंत्राची खबर मालकापर्यंत लवकर आणते, दुसरी मालकाची खबर गिऱ्हाइकापर्यंत नेते. बहुतेक कारखान्यांत या दोन खर्चांची कोटेशनं वेगवेगळ्या माणसांकडून येतात, वेगवेगळ्या वर्षी मंजूर होतात आणि त्यांची आपसात ओळखही होत नाही.

मुठीचं काम यंत्र कसं करतं ते आधी बघू. एखादा पदार्थ दोन इलेक्ट्रोडच्या मधे ठेवला तर विद्युतभार साठवायला किती मदत करतो, याचं माप म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. पाण्याचा तो सुमारे ८० आहे, कोरड्या सिलिकाचा ४ च्या आसपास. त्यामुळे दोन इलेक्ट्रोडच्या मधल्या वाळूत पाणी थोडं जरी वाढलं, तरी त्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता ठळकपणे बदलते आणि तो बदल मोजता येतो. पण एवढ्याने भागत नाही. ओतून परत आलेली वाळू गरम असते, आणि मिक्सरमध्ये घातलेलं काही पाणी मोल्डिंग मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातं. मे महिन्यातल्या दुपारी जेवढं पाणी लागतं, तेवढं जुलैतल्या रात्री घातलं तर चिखल होईल. म्हणून तापमानाचा सेन्सर लागतो, वाळूचं वजन सांगणारा लोडसेल लागतो. हे तिन्ही आकडे पीएलसीकडे, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकाकडे, जातात आणि तो पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरवतो. मिश्रण झाल्यावर थोडी वाळू एका नळीत भरून ठरावीक दाबाने दाबतात आणि ती किती टक्के खाली बसली ते मोजतात. तिला कॉम्पॅक्टिबिलिटी म्हणतात. मुठीत वाळू आवळणारा माणूसही तिचाच अंदाज घेत असतो. ४० टक्के हवे होते आणि ४४ आले, तर पुढच्या बॅचला पाणी कमी.

या पीएलसीची जन्मकथा सांगण्याजोगी आहे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला एक डोकेदुखी होती. गाडीचं मॉडेल बदललं की भिंतभर पसरलेल्या रिलेंच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचांच्या, तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र काढलं. तो कंपनीचा ८४ वा प्रकल्प, म्हणून ०८४. तारांऐवजी प्रोग्रॅम बदलायचा, ही कल्पना मोठी होतीच. मला मात्र त्यांचा दुसरा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनना रिलेंच्या शिडीसारख्या आकृत्या वाचता येत होत्या, म्हणून प्रोग्रॅमही त्याच आकृत्यांत लिहायचा असं ठरलं. आजही आयटीआयमधून आलेला मुलगा लॅपटॉपवर तीच लॅडर उघडतो आणि मोटर का सुरू होत नाही ते शोधून काढतो. ज्याला वापरायचं त्याच्या भाषेत लिहा, हा धडा कारखान्यांच्या वेबसाइट बनवणाऱ्यांपर्यंत अजून फारसा पोहोचलेला नाही. त्याकडे येतोच.

त्याआधी उशिराच्या गणिताकडे. वाळूची चाचणी पाच बॅच उलटून गेल्यावर झाली, तर पीएलसी जुन्या आकड्यावर नवा निर्णय घेतो. पाणी कमी करतो, परिणाम दिसत नाही म्हणून आणखी कमी करतो, आणि मग एकदम कोरडी वाळू येते. मग उलटा प्रवास. नियंत्रणशास्त्रात याला हंटिंग म्हणतात. वाफेच्या इंजिनांचा वेग स्थिर ठेवणाऱ्या गव्हर्नरमध्ये असले हेलकावे दिसत, आणि ते कधी थांबतील व कधी वाढत जातील याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडलं. पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूसाठी, कसलेला सुकाणूवाला काय काय लक्षात घेतो याचं समीकरण केलं: आत्ता दिशा किती चुकली आहे, ती किती वेळ चुकत राहिली आहे आणि किती वेगाने बदलते आहे. पीएलसीतली पीआयडी नावाची नियंत्रणपद्धत ती हीच.

गंमत अशी, की धंदाही असाच हेलकावतो. एमआयटीतले प्राध्यापक जे (Jay) फॉरेस्टर यांच्यापुढे जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांचं कोडं आलं. कधी तीन-तीन पाळ्या चालायच्या, तर काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावं लागायचं. बाजारातल्या चढउतारावर खापर फोडणं सोपं होतं. फॉरेस्टर यांनी वहीवर आकडेमोड करून दाखवलं, की गिऱ्हाइकांची मागणी जवळपास स्थिर असली तरी असे झोके येऊ शकतात. दुकानदाराची ऑर्डर वितरकाकडे, वितरकाची कारखान्याकडे पोहोचायला वेळ लागतो आणि मधला प्रत्येक जण घाबरून थोडं जास्त मागवतो. १९५८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. सुट्या भागांचा पुरवठा करणाऱ्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे: एका तिमाहीत रात्रपाळी लावा, पुढच्या तिमाहीत माल ठेवायला जागा शोधा.

आता वेबसाइट. लहान-मध्यम कारखान्याची नेहमीची वेबसाइट डोळ्यांपुढे आणा. वर फिरणारी पृथ्वी, खाली हस्तांदोलनाचा विकतचा फोटो, ‘क्वालिटी हाच आमचा ध्यास’ आणि मालकांचं मनोगत. चाकणच्या किंवा जर्मनीतल्या खरेदी विभागातल्या इंजिनिअरला यातलं काहीही नको असतं. त्याला बघायचं असतं, एफजी २६० आणि एसजी ५००/७ या ग्रेडचं लोखंड ओतता का, सगळ्यात जड आणि सगळ्यात हलकं कास्टिंग किती किलोचं, मोल्ड बॉक्सचं माप काय, कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर शेल पद्धतीचा की कोल्ड बॉक्सचा, धातूतले घटक मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आहे का, महिन्याची क्षमता किती टन आणि त्यातली मोकळी किती. ही माहिती कारखान्यात प्रत्येकाला तोंडपाठ असते. वेबसाइटवर ती एक तर नसते, नाहीतर स्कॅन केलेल्या कॅटलॉगच्या चित्रात असते. सर्च इंजिनसाठी पानं चाळणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्रॉलर, मुख्यतः मजकूर वाचतो. ‘एसजी ५००/७’ ही अक्षरं साध्या मजकुरात, नीट मांडलेल्या तक्त्यात असतील तर त्या शब्दांनी शोधणाऱ्याला तुम्ही सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते.

पान किती जड असावं यालाही विज्ञान आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांची ओळख झाल्यावर सर्व्हर सगळा माल एकदम पाठवत नाही. मधली वाट किती रुंद आहे ते माहीत नसल्याने पहिल्या खेपेला तो साधारण १४ किलोबाइट पाठवतो, पोहोच मिळाली की दुप्पट, मग चौपट. प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन वेळ लागतो. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून सर्व्हर अमेरिकेत आणि गिऱ्हाईक महाराष्ट्रात असेल तर एका फेरीला सुमारे पाव सेकंद मोडतो. पहिल्या पानावर ५ मेगाबाइटचा भट्टीचा फोटो टाकणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. महत्त्वाचा मजकूर पहिल्या एक-दोन खेपांत पोहोचेल असं पान बांधलं, तर तो डोंगरातल्या मोबाइलवरही लगेच दिसतो.

इथवर झालं, की वेबसाइट काम करू लागते. चौकश्या वाढतात. आणि खरा धोका इथे सुरू होतो.

समजा मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंत कारखान्यात ४,००० कास्टिंग अडकून आहेत आणि रोज ५०० बाहेर पडतात. आज आत शिरलेलं कास्टिंग सरासरी ८ दिवसांनी बाहेर येणार. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम इतका साधा आहे, की त्याला सिद्धता लागली याचंच नवल वाटावं. पण त्यासाठी ४,००० आणि ५०० हे दोन्ही आकडे खरे हवेत, आणि सुपरवायझरच्या वहीत ते सहसा संध्याकाळच्या सोयीने लिहिलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर समोरून वस्तू गेल्याची नोंद घेणारा एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि पीएलसीतला काउंटर बसवला, की ते खरे होतात. रोबोट घ्यायच्या आधी हा खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मोजायला लागलं की बऱ्याचदा दिसतं, की नव्या मोल्डिंग लाइनचा वेग वाया जातोय आणि माल फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगवरचा जादा धातू घासून काढण्याच्या कामाला, हाताने ग्राइंडर मारणाऱ्या चार माणसांपुढे, साठून राहिलाय.

रांगेचं गणित याहून क्रूर आहे. काम अनियमितपणे येत असेल आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमी-जास्त असेल, तर सगळ्यात सोप्या प्रारूपात सरासरी थांबण्याचा काळ असा येतो: यंत्र ८० टक्के वेळ गुंतलेलं असेल तर एका कामाच्या वेळेच्या ४ पट, ९० टक्के असेल तर ९ पट, ९५ टक्के असेल तर १९ पट. ‘आमचं मशीन एक मिनिट मोकळं नसतं’ हे मालक अभिमानाने सांगतात, पण त्यांच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती तक्रार आहे. अशा ९५ टक्के भरलेल्या कारखान्याला चांगली वेबसाइट जोडली, तर नव्या गिऱ्हाइकाबरोबर जुनंही जातं.

म्हणून वेबसाइटवर कारखान्यातून आलेली तारीख हवी. या ग्रेडला, या वजनाला, आज ऑर्डर दिली तर माल कधी निघेल. भट्टीचं अस्तर बदलायला काढलं की तारीख आपोआप पुढे सरकते आणि गिऱ्हाईक त्याचं नियोजन त्याप्रमाणे करतं. फॉरेस्टर यांच्या साखळीतला घाबरून जास्त मागवणारा माणूस यानेच शांत होतो, कारण त्याची भीती मुळात अंधारातून आलेली असते.

फक्त ही जोडणी करताना पीएलसी इंटरनेटला लावू नये. यंत्रांनी एकमेकांशी बोलण्यासाठी कारखान्यांत सर्रास वापरला जाणारा मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ सालचा आहे आणि त्याच्या मूळ रूपात पासवर्डची सोयच नाही. ज्याने आज्ञा पाठवली त्याची तो ऐकतो. पीएलसीला फसवता येतं हे २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक संगणक-प्रोग्रॅमने दाखवलं. इराणमधल्या नतांझ इथल्या अणुकेंद्रातल्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा वेग बदलत होता आणि पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. शहाणी रचना अशी, की कारखान्यातला एक वेगळा संगणक पीएलसीकडून आकडे वाचतो, दर पंधरा मिनिटांनी त्यातले दोन-तीनच बाहेर लिहितो, आणि वेबसाइट ते तिथून उचलते. वेबसाइट उद्या कोणी फोडली, तर चुकीची तारीख दिसेल. वाळूच्या मिक्सरचा पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र त्याला उघडता येणार नाही.