रॅमची पट्टी आणि झिरपणारे बिट

पीसी रखडू लागला की दुकानदाराचा सल्ला ठरलेला: "रॅम वाढवा." पुष्कळदा तो बरोबरही असतो. रॅम म्हणजे चालू कामाचा डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी. ती भरली की ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यातला काही डेटा डिस्कवर हलवते. रॅमकडून उत्तर यायला साधारण १०० नॅनोसेकंद पुरतात, फिरत्या हार्ड डिस्कला १० मिलिसेकंद लागतात. लाखपट उशीर! पण ऐन कामाच्या वेळीही टास्क मॅनेजरमध्ये निम्मी रॅम मोकळी दिसत असेल, तर नव्या पट्टीने फारसं काही साधणार नाही.

'रॅम बूस्टर' नावाच्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या तर नादीच लागू नका. ते कामाचा डेटा रॅममधून हुसकावतं आणि पुढच्या क्लिकला तोच डिस्कवरून परत आणावा लागतो.

खरी मजा पट्टीवरच्या काळ्या चिपांत आहे. एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, साठवायला एक ट्रान्झिस्टर (विजेचा चिमुकला स्विच) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) पुरेल, हे आयबीएम कंपनीच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलं. आजही तीच रचना चालते. ८ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,८७० कोटी कपॅसिटर असतात आणि प्रत्येक म्हणजे गळका रांजणच. भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. भार मात्र सतत झिरपत असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये (डीडीआर३, ४, ५ या रॅमच्या पिढ्या) कपॅसिटरची प्रत्येक ओळ साधारणपणे ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. यालाच रिफ्रेश म्हणतात. हे काम ८,१९२ हप्त्यांत चालतं, दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक.

त्यात भर म्हणजे वाचतानाही बिट पुसला जातो. बिटलाइन, म्हणजे कपॅसिटर वाचायची तार, आधी निम्म्या व्होल्टेजवर आणून ठेवतात. कपॅसिटर जोडला की ते व्होल्टेज किंचित वर किंवा खाली सरकतं. सेन्स अॅम्प्लिफायर, म्हणजे बारीक फरक ओळखून मोठा करणारं सर्किट, एवढ्याशा फरकावरून कौल देतो, व्होल्टेज त्या बाजूला पार टोकापर्यंत ओढतो आणि त्याच दमात कपॅसिटरही पूर्ववत होतो. रिफ्रेश म्हणजे हेच वाचन, फक्त उत्तर कुणाला न कळवता केलेलं.

विकत घेताना मदरबोर्ड कोणता डीडीआर घेतो ते आधी बघा. डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, तेव्हा जोर लावू नका. चार स्लॉट असतील तर दोन सारख्या पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात जातात, पण मॅन्युअल बघाच. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मदरबोर्ड तेव्हा रॅमशी वेळा जुळवत असतो. लगेच बटण दाबून बंद करू नका.