भारत-मॉरिशस करकरार

एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून भारत आणि मॉरिशस यांनी २४ ऑगस्ट १९८२ रोजी केलेला करार. परकीय गुंतवणुकीचा 'मॉरिशस मार्ग' यातूनच तयार झाला.

पैसा जिथे कमावला त्या देशाने कर घ्यायचा, की कमावणारा जिथला रहिवासी त्या देशाने, हा वाद राष्ट्रसंघाच्या काळापासूनचा. भांडवल पुरवणारे देश रहिवासाच्या बाजूने बोलतात, भांडवल घेणारे उगमाच्या. इथे मात्र भांडवल घेणाऱ्या भारतानेच हक्क सोडला. कलम १३(४) प्रमाणे मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय शेअर विकले, तर नफ्यावर कर लावायचा तो मॉरिशसनेच. आणि तिथे भांडवली नफ्यावर करच नाही. दुहेरी कर टाळायला गेलेल्या कराराने कराचे शून्य केले.

पहिली दहा वर्षे ही पळवाट जवळपास निजलेली होती. १९९२ मध्ये भारताने परदेशी वित्तसंस्थांना शेअर बाजार खुला केला, त्याच वर्षी मॉरिशसने ऑफशोअर, म्हणजे नोंद तिथे पण व्यवसाय देशाबाहेर अशा कंपन्यांसाठी कायदा केला. मग मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईतल्या पत्त्यापुरत्या कंपन्यांमधून अमेरिका-युरोपचा पैसा दलाल स्ट्रीटवर येऊ लागला. भारतातलाच पैसा तिकडून फेरफटका मारून 'परकीय' होऊन परततो, असा आरोपही सतत होत राहिला. कोकणातून ऊसमळ्यांवर मजूर गेले ते हेच बेट. पुढे कागदोपत्री भारतातील सर्वांत मोठ्या गुंतवणूकदारांत त्याची गणना होऊ लागली.

२००० साली प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी अशा काही कंपन्यांना नोटिसा काढताच बाजार गडगडला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १३ एप्रिलला परिपत्रक क्रमांक ७८९ काढून मॉरिशसचा रहिवास दाखला पुरेसा मानायला सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते रद्द केले. 'आझादी बचाओ आंदोलन' या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते पुन्हा उभे केले: भांडवलाची गरज असलेला देश अशी करसवलत जाणूनबुजून चालवून घेऊ शकतो. कराचा प्रश्न न्यायालयाने धोरणाच्या ओटीत टाकला, असे म्हणता येईल.

त्या धोरणात हिशेबापेक्षा परराष्ट्रनीती जड होती. भारतीय वंशाचे बहुसंख्य लोक आणि हिंदी महासागरातले मोक्याचे ठिकाण, यांमुळे मॉरिशसला दुखवायला दिल्ली तयार नव्हती. बदलाची बोलणी वर्षानुवर्षे रेंगाळली. अखेर १० मे २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवर भारताला कराचा हक्क मिळाला. आधीची खरेदी वगळली आणि पहिली दोन वर्षे निम्मा दर ठेवला. करसवलत हाच व्यवहाराचा एक मुख्य हेतू असेल तर लाभ नाकारण्याचे कलम घालण्यासाठी ७ मार्च २०२४ रोजी आणखी एका दुरुस्तीवर सह्या झाल्या.

सिंगापूरशी असलेल्या करारातली सवलत मॉरिशसच्या सवलतीशी बांधलेली होती, त्यामुळे २०१६ च्या अखेरीस तीही बदलावी लागली. तरी २०१८-१९ मध्ये थेट परकीय गुंतवणुकीत सिंगापूरने मॉरिशसला मागे टाकले.