टॅप्ड डेन्सिटी (खाद्य भुकट्यांची)

टॅप्ड डेन्सिटी, म्हणजेच ठोकीव घनता : ठरावीक वजनाची भुकटी मोजनळीत भरायची, नळी ठरलेल्या उंचीवरून ठरलेल्या वेळा आपटायची आणि त्यानंतर भुकटीने जेवढी जागा व्यापली असेल तिने वजनाला भागायचे. येणारा आकडा म्हणजे ठोकीव घनता. ती ग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात. न आपटता, नुसती ओतलेल्या भुकटीची घनता ती सैल घनता. तिला प्रयोगशाळेत ‘बल्क डेन्सिटी’ म्हणतात. दूध भुकटी, पिठे, कोको, कॉफी, मसाले, स्टार्च, बाळांचे दूध अशा पदार्थांच्या गुणवत्ता तपासणीत हे दोन्ही आकडे जोडीने काढले जातात आणि खरी माहिती बहुधा त्यांच्यातल्या फरकातच असते.

डबा भरताना दोन-चार वेळा आपटला की आणखी मूठभर पीठ मावते, हे कोणालाही ठाऊक असते. आपटल्याने कण दाबले जात नाहीत. ते एकमेकांवरून घसरून मोकळ्या फटींत बसतात आणि तिथली हवा निघून जाते. एकाच आकाराचे गोल कण कितीही नीट रचले तरी जागेचा सुमारे ७४ टक्केच भाग भरतो. कसेही ओतून हलवले तर ६४ टक्क्यांच्या आसपास गाडी थांबते. कण लहानमोठे असतील तर मोठ्यांच्या फटीत लहान शिरतात आणि भरणा वाढतो. कण फार बारीक असले, साधारण १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) खाली, की कणाच्या वजनापेक्षा कणाकणांतली चिकट ओढ भारी पडू लागते. असे कण ओतताना एकमेकांना धरून कमानी करतात आणि त्या कमानींखाली पोकळ्या राहतात. नळी आपटली की कमानी ढासळतात. म्हणून चिकट भुकटी आपटल्यावर खूप खाली बसते, तर मोकळी वाहणारी भुकटी ओततानाच बहुतेक बसलेली असते.

फवारा पद्धतीने वाळवलेल्या दूध भुकटीत हवा दोन ठिकाणी असते : कणांच्या मधे आणि कणांच्या पोटात, बुडबुड्यांच्या रूपाने. आपटून फक्त पहिली निघते. पोटातली हवा किती राहणार, हे दूध फवारण्याआधी किती आटवले होते आणि ते फिरत्या चकतीने फवारले की दाबाच्या नोझलने, यावर ठरते. झटपट विरघळणाऱ्या भुकटीत तर बारीक कण मुद्दाम एकत्र चिकटवून पोकळ झुबके केलेले असतात, कारण पाणी त्या पोकळ्यांतूनच आत शिरते. अशा भुकटीची घनता कमी असणे हा दोष नव्हे, तोच तिचा गुण.

मोजण्याची रीत बरीचशी औषधनिर्माण क्षेत्रातून आली आहे. अमेरिकन औषधसंहितेच्या ६१६ क्रमांकाच्या प्रकरणात २५० मि.लि.ची मोजनळी आणि १०० ग्रॅम भुकटी सांगितली आहे. साठवणुकीत झालेल्या गुठळ्या फोडण्यासाठी नमुना आधी हलक्या हाताने १ मि.मी. किंवा त्याहून मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढतात. भुकटी नळीत सोडायची, दाबायची नाही, वरचा थर अलगद सपाट करायचा आणि सुरुवातीचे आकारमान वाचायचे. मग यंत्र नळी उचलून सोडते : एका पद्धतीत मिनिटाला ३०० ठोके आणि १४ मि.मी. उंची, दुसरीत मिनिटाला २५० ठोके आणि ३ मि.मी. उंची. १०, ५०० आणि १,२५० ठोक्यांनंतर वाचन घेतात. शेवटच्या दोन वाचनांत २ मि.लि.पेक्षा जास्त फरक नसेल तर शेवटचे आकारमान धरतात. असेल तर फरक तेवढा खाली येईपर्यंत पुन्हा १,२५० ठोके. दूध भुकटीसाठी आयएसओ ८९६७ हे स्वतंत्र मानक आहे.

दिसायला सोपी असली तरी ही चाचणी हाताची परीक्षा घेते. सगळ्यात डळमळीत भाग ठोक्यांचा नसून ओतण्याचा असतो. एकाने भुकटी उंचावरून भसकन ओतली आणि दुसऱ्याने कागदाच्या पन्हाळीतून हळू सोडली, तर सैल घनता वेगळी येते आणि ठोकीव घनता जवळपास तीच राहते. दोन पाळ्यांचे आकडे जुळत नसतील तर यंत्राकडे वळण्याआधी ओतणारे हात पाहावेत. हवेतील ओलाव्याने दूध भुकटीतली स्फटिक न झालेली लॅक्टोज (दुधातली साखर) चिकट होते. उष्ण खोलीत स्निग्ध भुकटीचे फॅट मऊ पडते. कोरड्या हवेत स्थिर विद्युतभारामुळे कण काचेला चिकटून बसतात. ठोके चालू असताना नळी स्वतःभोवती फिरत नसेल तर भुकटीचा वरचा थर तिरका होतो आणि मग वाचन अंदाजाने घ्यावे लागते.

समजा १०० ग्रॅम भुकटीने आधी २०० मि.लि. आणि आपटल्यावर १६० मि.लि. जागा घेतली. सैल घनता ०.५० आणि ठोकीव ०.६२५. दुसरीला पहिलीने भागले की १.२५ येते. हे हाउसनर गुणोत्तर. धातूंच्या भुकट्यांवर काम करणाऱ्या हेन्री हाउसनर यांनी १९६७ मध्ये ते मांडले. आकारमानातली घट शेकड्यात मांडली की २० येतात. तो कार निर्देशांक. राल्फ कार यांनी तो १९६५ मध्ये सुचवला. निर्देशांक १० किंवा त्याखाली असेल तर भुकटी उत्तम वाहते, १६ ते २० म्हणजे ठीकठाक, २५ च्या वर अडचण सुरू. दोन्ही आकडे एकाच मोजमापातून निघतात, त्यामुळे अहवालात दोन्ही छापल्याने माहिती दुप्पट होत नाही.

कारखान्यात या आकड्याचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे पॅकिंग विभाग. वरच्या उदाहरणातल्या भुकटीचे ५०० ग्रॅम भरताना एक लिटर जागा घेतील आणि पूर्ण बसल्यावर ८०० मि.लि. म्हणजे डबा शिगोशीग भरून निघाला तरी वाहतुकीच्या हादऱ्यांनी त्याचा पाचवा हिस्सा रिकामा दिसू शकतो. वजन बरोबर असूनही ‘डबा अर्धवट भरला’ अशी तक्रार येते ती इथूनच. उलट घनता अचानक घटली तर ठरलेले वजन पाकिटात मावतच नाही आणि शिवणीत भुकटी अडकते. भरणी यंत्राचा स्क्रू वजन मोजत नाही, आकारमान ढकलतो; घनता हलली की वजनही हलते. बाळांच्या दुधात गोष्ट आणखी नाजूक होते. तिथे घरी माप चमच्याने घेतात, म्हणून चमच्यात भरणाऱ्या भुकटीची घनता दहा टक्क्यांनी वाढली तर बाळाला मिळणारे दूध तेवढ्याच प्रमाणात घट्ट होते.

ठोकीव घनता हा पाण्याच्या उत्कलनबिंदूसारखा पदार्थाचा स्थिर गुण नाही. शिकागो विद्यापीठात काचेच्या मण्यांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हजारो ठोक्यांनंतरही मणी अतिशय संथपणे बसतच राहिल्याचे दिसले. १,२५० ठोक्यांवर थांबणे ही सोयीची सीमारेषा आहे. म्हणून ‘घनता ०.६२’ एवढेच लिहिलेला दाखला अपुरा असतो. ठोके किती, उंची किती, नळी कोणती हे सोबत हवे. पुरवठादार ३ मि.मी.च्या यंत्रावर आणि खरेदीदार १४ मि.मी.च्या यंत्रावर मोजत असेल तर दोघेही बरोबर असूनही माल नाकारला जाऊ शकतो.

उंच सायलोतली, म्हणजे साठवणुकीच्या उभ्या टाकीतली, भुकटी वरच्या मालाच्या वजनाखाली दिवसेंदिवस दबून राहते. मोजनळीत तसा भार कधीच नसतो. म्हणून सायलोचा उतार आणि खालचे तोंड ठरवायला ठोकीव घनता पुरत नाही, कर्तन-पेटी लागते. तिच्यात भुकटी आधी ठरलेल्या भाराखाली दाबतात आणि मग तिचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागतो ते मोजतात.