काचेवरचं शेवाळ खाणारा ‘सकर’ डोहात का सोडू नये

जळगाव-धुळ्याकडे फिशटँकसाठी ‘सकर’ म्हणून विकलं जाणारं बोटभर पिल्लू बहुधा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचं असतं. थिओडोर गिल यांनी १८५८ मध्ये तिला हे नाव दिलं. मूळ मुलूख दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन, ओरिनोकोसारख्या नद्यांचा. मासा ४० सेंमीच्या पुढे वाढतो. टाकी पुरेनाशी झाली की लोक त्याला नदीत सोडतात, आणि घोळ तिथेच होतो.

आपल्या शिवड्याचं, शिंगाळ्याचं अंग बिनखवल्यांचं, गुळगुळीत. सकर त्यांचाच लांबचा भाऊबंद, पण त्याच्या अंगावर हाडाच्या तकटांच्या रांगा असतात. तकटांवरचे बारीक काटे दातांच्याच घडणीचे, आत गर आणि भोवती डेंटीन, म्हणजे दाताचा टणक भाग. त्यांची टोकं शेपटीकडे वळलेली असतात. त्यामुळे जाळ्यात अडकलेला सकर शेपटीकडून ओढला की दोरे तुटतात. छातीच्या परांचे टणक काटे अंगालगत दाबून धरा आणि मासा डोक्याच्या दिशेने पुढे सरकवून काढा.

ओळख पटवायची तर पाठीवरचा पर पूर्ण उघडून मोजा. पहिल्या टणक काट्यामागे मऊ आरे सहसा १० किंवा जास्त भरतात. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या हायपोस्टोमसला ७ असतात. पोटावर सुटे ठिपके असले तर पार्डॅलिस ही जात, ठिपके जुळून नागमोडी रेघा झाल्या असल्या तर डिसजंक्टिव्हस. मात्र आशियात मधल्याच नक्षीचे मासेही सापडतात, म्हणून जात केवळ पोट पाहून ठरवू नये.

चिलखतापेक्षा मला त्याच्या जठराची धास्ती जास्त वाटते. पाण्यातला प्राणवायू घटला की हा मासा वर येऊन हवा गिळतो आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पातळ जठरातून ती शोषतो. मे महिन्यात गिरणा, पांझरा आटून डोह उरतात. तापलेल्या त्या पाण्यात कल्ल्यांवरच जगणारे मासे तडफडतात, तेव्हा सकर तग धरू शकतो. शिवाय नर काठाच्या मातीत मीटरभर खोल बिळं करून अंडी राखतो. तापीच्या गाळाच्या उभ्या दरडींना आणि मातीच्या बांधांना अशी बिळं परवडणारी नाहीत.

म्हणून टाकीतला सकर नको झाला तर दुकानात परत द्या. हतनूरसारख्या धरणात जाळ्यात आला तर पुन्हा पाण्यात टाकू नका. पर उघडून पाठीचा आणि पोटाचा फोटो काढा व जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.