अर्धांगवायूतला ‘करंट’: पार्श्वभूमी

फिजिओथेरपीच्या ओपीडीत भिंतीकडेच्या टेबलावर एक राखाडी डबा असतो. त्यावर दोन-तीन फिरवायची बटणं, ‘फॅराडिक’ आणि ‘गॅल्व्हॅनिक’ अशा दोन खुणा, लाल-काळ्या वायरी आणि वायरींच्या टोकाला ओल्या गॉजच्या घडीवर बसवलेली रबरी पॅड. काही ठिकाणी पॅडऐवजी पेन असतं. पेनाच्या दांड्यातच छोटं बटण असतं, अंगठ्यानं दाबलं की करंट जातो, सोडलं की थांबतो. अर्धांगवायूच्या पेशंटचे नातेवाईक एरवी व्यायामाला कंटाळतात, पण या डब्याबद्दल त्यांची तक्रार एकच असते: “आज मशीन नाही लावली?”

या डब्याचा इतिहास सांगायचा तर आधी त्याच्या नावाचा गुंता सोडवावा लागतो. आपल्याकडे ‘करंट दिला’ या दोन शब्दांत निदान चार वेगळे उपचार मावतात. कंबरदुखीवर लावतात तो टेन्स. तो फक्त वेदनेसाठी असतो, त्यानं पंजा उचलला जाईल अशी आशा ठेवून ऑनलाइन मागवला तर पैसे वाया. दुसरा चेहऱ्याच्या लकव्यावरचा, तिसरा अर्धांगवायूतला. आणि मानसोपचारातले ‘शॉक’ याच रांगेत येऊन बसतात, त्यामुळे काही घरांत या मशीनची भीतीच असते.

‘लकवा’ या शब्दानं तर याहून जास्त घोळ केला आहे. रात्रीतून तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना, हातपाय मात्र ठीक, हा चेहऱ्याच्या नर्व्हचा आजार. त्यातले दहापैकी सात जण काहीही न करता पूर्ण बरे होतात. शेजारच्या काकांचं तोंड ‘पंधरा दिवस करंट घेऊन’ सरळ झालेलं असतं ते यांपैकीच. मग मेंदूतल्या रक्तवाहिनीत गाठ अडकून आडवा झालेल्या माणसाच्या घरच्यांना तेच पंधरा दिवस हवे असतात. वास्तविक दोन्हींत बिघाडाची जागाच वेगळी. अर्धांगवायूत किंवा अपघातात डोक्याला मार लागल्यावर बिघडतो तो वरून येणारा हुकूम. मणक्यापासून हातापायाकडे जाणारी नर्व्ह आणि स्नायू जागच्या जागी शाबूत असतात. म्हणूनच बाहेरून दिलेला अगदी सूक्ष्म ठोका, सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागाचा, नर्व्हला पुरतो आणि स्नायू आखडतो. नर्व्हच तुटलेली असेल तर असे छोटे ठोके फुकट जातात आणि थेट स्नायूला हलवायला लांब ठोके लागतात. डब्यावरच्या दोन खुणा म्हणजे हाच फरक: फॅराडिक म्हणजे छोटे ठोके, गॅल्व्हॅनिक म्हणजे लांब. या सगळ्या कहाणीत फॅराडे आणि गॅल्वानी या दोन माणसांची नावं तेवढी मशीनवर राहिली, तीही बटणांना चिकटून.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. वीज साठवणारी काचेची बरणी 1745-46 मध्ये निघाली आणि दोन-तीन वर्षांत जिनिव्हाच्या एका प्राध्यापकानं हातोड्याच्या घावानंतर हात लुळा पडलेल्या कुलूपवाल्यावर तिचे झटके देऊन पाहिले. हात सुधारल्याचं त्यानं 1748 मध्ये छापलं आणि युरोपभर लुळ्या-पांगळ्यांची रांग लागली.

मला त्या काळातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते 1757 चं एक पत्र. फिलाडेल्फियातला एक छापखानेवाला, ज्याची गणना पुढे अमेरिकेच्या संस्थापकांत झाली, आसपासच्या गावांहून आलेल्या अर्धांगवायूच्या रुग्णांना दिवसातून तीनदा दोन मोठ्या बरण्यांचा एकत्र झटका देत असे. त्यानं लिहिलं की पहिल्या दिवशी अंगात ऊब येते, दुसऱ्या दिवशी हात थोडा जास्त उचलला जातो, पण पाचव्या दिवसानंतर काही पुढे सरकत नाही. माणसं निराश होऊन घरी जातात आणि पुन्हा होती तशी होतात. टिकाऊ फायदा आपण एकदाही पाहिला नाही. आणि जो तात्पुरता फायदा दिसला तो विजेचा, की रोज माझ्या घरापर्यंत येण्यात झालेल्या व्यायामाचा, की बरं होण्याच्या आशेचा, हे मी सांगू शकत नाही, असंही त्यानं प्रामाणिकपणे नोंदवलं. पुढची अडीचशे वर्षं संशोधक याच प्रश्नाशी झटत आहेत, फक्त त्यांच्याकडे आकडे जास्त आहेत.

एकोणिसाव्या शतकात फॅराडेच्या 1831 च्या शोधामुळे वीज तारेच्या गुंडाळीतून, हवी तेवढी आणि हवी तेव्हा मिळू लागली. पॅरिसच्या एका डॉक्टरनं ओलं इलेक्ट्रोड त्वचेवर ठेवून एकेक स्नायू सुटा हलवून दाखवला आणि 1855 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आजही फिजिओ पेन फिरवून ‘मोटर पॉइंट’ शोधतात ती रीत तिथली. त्यानंतरची शंभर वर्षं सोडून पुढे जायला हरकत नाही. मशीन सुधारली, पण पेशंट पलंगावर पडून आणि करंट आपला चालू, हे चित्र बदललं नाही.

ते बदललं 1961 मध्ये, बुटातल्या एका स्विचमुळे. अर्धांगवायूनंतर चालायला लागलेल्या माणसाचा पंजा लोंबतो, पाऊल पुढे टाकताना बोटं जमिनीला घासतात, म्हणून तो पाय बाहेरून गोल फिरवून टाकतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या एका गटानं ट्रान्झिस्टरवर चालणारा, खिशात मावणारा स्टिम्युलेटर बनवला. ट्रान्झिस्टर नसता तर हे यंत्र अंगावर घेऊन चालताच आलं नसतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा जो टेंगूळ हाताला लागतो त्याच्या मागून पेरोनियल नर्व्ह अगदी कातडीलगत जाते. इलेक्ट्रोड तिथे लावलं. स्विच टाचेखाली बसवला. टाच उचलली की करंट सुरू आणि पंजा वर, टाच टेकली की बंद. म्हणजे करंट कधी सोडायचा हे डॉक्टर ठरवत नव्हता, घड्याळ ठरवत नव्हतं, पेशंटचं पाऊल ठरवत होतं.

त्या गटानं याला ‘फंक्शनल इलेक्ट्रोथेरपी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका लेखात ‘फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन’ हे नाव आलं आणि तेच रूढ झालं, एफईएस. पहिल्या नावातून ‘थेरपी’ गेली आणि ‘फंक्शनल’ तेवढं राहिलं. या शब्दबदलाची किंमत पुढे मोजावी लागली, असं माझं मत आहे.

कारण त्याच पहिल्या लेखात एक साधी नोंद होती: काही पेशंटचा पंजा मशीन काढल्यावरही काही वेळ आपोआप वर येत होता. म्हणजे प्रश्न दोन झाले. मशीन चालू असताना माणूस बरा चालतो का? आणि मशीन काढल्यावर त्याच्यात काही उरतं का? पहिला चष्म्यासारखा, लावला की दिसतं. दुसरा उपचाराचा. ‘फंक्शनल’ या शब्दात दोन्ही कोंबले गेले. युगोस्लाव्हियातल्या लुब्लियानामध्ये 1960 आणि 70 च्या दशकांत ही यंत्रं मोठ्या संख्येनं वापरात आली, कॅलिफोर्नियात नर्व्हवर शस्त्रक्रियेनं बसवायचं यंत्रही निघालं. तरी कोण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे हे वाचताना नीट पाहावंच लागतं.

1997 मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या चाचणीत उत्तर स्पष्ट आलं आणि ते अर्धंच आवडण्यासारखं होतं. 32 पेशंट, निम्म्यांना फिजिओथेरपीसोबत मशीन, निम्म्यांना नुसती फिजिओथेरपी. मशीन लावून चालताना वेग सरासरी 20.5 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात 5.2 टक्क्यांनी. चालण्याचे श्रमही बरेच कमी झाले. पण मशीन काढून मोजलं तेव्हा दोन गटांत लक्षणीय फरक उरला नाही. चष्मा उत्तम, डोळा होता तसाच.

आता विम्याकडे वळू, कारण खरा वाद तिथे झाला. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेनं 1 एप्रिल 2003 पासून नियम लागू केला. चालण्यासाठी अशा यंत्राचे पैसे मिळतील, पण फक्त मणक्याच्या इजेच्या पेशंटना, आणि तेही तीन महिन्यांत यंत्रासह किमान 32 सत्रं पूर्ण केल्यावर. अर्धांगवायू यादीत नाही. नर्व्ह शाबूत असून स्नायू वापराविना सुकत असेल तर करंटला आधीपासून मान्यता होती, ती तशीच राहिली. म्हणजे पलंगावर पडून करंट घ्या, मान्य. तोच करंट घेऊन चालू लागलात तर अमान्य. ज्या यंत्राचा जन्मच अर्धांगवायूच्या पेशंटच्या बुटात झाला, त्याला त्याच पेशंटच्या पायावरून उतरवलं गेलं.

याची दुसरी बाजू आहे आणि ती पोकळ नाही. विमा देणाऱ्याचा प्रश्न असा की चष्माच हवा असेल तर स्वस्तातला का नको? पोटरीमागून तळव्याखाली जाणारा प्लास्टिकचा एएफओ, ज्याला आपल्याकडे नुसतं ‘स्प्लिंट’ म्हणतात, पंजा उचलून धरतोच. 2013 आणि 2014 मध्ये अमेरिकेत याच दोघांची समोरासमोर तुलना झाली, एकीत 197 आणि दुसरीत 495 पेशंट. चालण्याचा वेग दोन्हींत वाढला, आणि जवळपास सारखाच. यंत्रवाल्यांनी ‘आम्ही कमी नाही’ असं वाचलं, विमावाल्यांनी ‘मग जास्त पैसे कशाला’ असं. पेशंटना विचारलं तर अनेकांना यंत्र आवडतं. घोटा मोकळा राहतो, बूट नेहमीच्या मापाचा चालतो. आपल्याकडे एएफओ घालून चप्पल चढत नाही आणि घरात-देवळात काढून ठेवावा लागतो, हा त्रास वेगाच्या मोजणीत दिसत नाही. इंग्लंडमध्ये 2009 मध्ये सरकारी मार्गदर्शनानं चालण्यातली सुधारणा आणि सुरक्षितता यांचा पुरावा पुरेसा मानला. पैसे कोण देणार हे त्या कागदाच्या कक्षेबाहेर होतं. एकाच यंत्राला दोन देशांत दोन उत्तरं मिळाली, कारण दोघांनी विचारलेला प्रश्न एक नव्हता.

हाताची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. हाताला एएफओसारखा सोपा पर्याय नाही, त्यामुळे ‘मशीन काढल्यावर काय उरतं’ हा प्रश्न टाळता येईना. इथे बुटातल्या स्विचची कल्पना पुन्हा कामाला आली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये चांगल्या हातात सेन्सर लावलेला मोजा घालून पेशंट तो हात उघडतो आणि तितक्याच प्रमाणात करंट जाऊन लुळा हात उघडतो, अशी पद्धत निघाली. 2016 मध्ये 80 पेशंटवर तिची तुलना ठरावीक वेळानं आपोआप चालू-बंद होणाऱ्या करंटशी केली. डब्यातले ठोकळे एका मिनिटात पलीकडे टाकण्याच्या चाचणीत मोज्याच्या गटाचे सरासरी 4.6 ठोकळे वाढले, दुसऱ्याचे 1.8. हालचालींच्या दुसऱ्या एका मोजपट्टीवर मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. 2018 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आणखी पुढची पायरी गाठली. 27 जुने पेशंट, सगळ्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी. एका गटात पेशंटनं हात हलवायचा प्रयत्न केल्याची लहर दिसली तरच करंट, दुसऱ्यात प्रयत्नाशी संबंध न ठेवता. पहिला गट स्पष्टपणे पुढे गेला.

मधल्या काळात थेट मेंदूवर करंट देण्याचा मोठा खटाटोप झाला. कवटीखाली, मेंदूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून व्यायाम करायचा. अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल 2008 च्या सुरुवातीला आला. ठरवलेली सुधारणा गाठणारे इलेक्ट्रोडच्या गटात 32 टक्के, नुसत्या व्यायामाच्या गटात 29. यंत्र बनवणारी कंपनी पुढच्या वर्षी गुंडाळली गेली.

त्यानंतर गाजला तो मानेतल्या व्हेगस नर्व्हचा प्रयोग. ही नर्व्ह हातापर्यंत जात नाही. तिला ठोका दिला की मेंदू शिकण्यासाठी थोडा वेळ सजग होतो, अशी त्यामागची मांडणी. छातीत पेसमेकरसारखा डबा, मानेत वायर. पेशंट समोरची वस्तू उचलतो, किल्ली फिरवतो, आणि हालचाल होत असतानाच थेरपिस्ट बटण दाबतो: 0.8 मिलिअँपिअर, अर्धा सेकंद. ओपीडीतल्या पेनाच्या दांड्यातलं बटण इतक्या दूर पोचलं. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या 108 पेशंटवरची ही चाचणी एप्रिल 2021 मध्ये छापली गेली. अर्धांगवायू होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेली ही माणसं. यंत्र सगळ्यांच्याच अंगात बसवलं होतं, निम्म्यांच्यात करंट शून्य. हाताच्या हालचालींच्या 66 गुणांच्या मोजपट्टीवर सहा आठवड्यांत करंटवाले 5 गुणांनी सुधारले, शून्यवाले 2.4 गुणांनी. ते 2.4 गुण म्हणजे फिलाडेल्फियाच्या पत्रातला रोजचा व्यायाम आणि आशा. ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेत यंत्राला मंजुरी मिळाली.

दवाखान्यातले सहा आठवडे संपल्यावर पेशंट घरी जातो तेव्हा बटण दाबायला थेरपिस्ट नसतो. छातीवरून एक लोहचुंबक फिरवला की अर्धा तास यंत्र चालू राहतं आणि दर दहा सेकंदांनी ठोका देतं. हात तेव्हा चमचा उचलत असो, नाहीतर मांडीवर पडलेला असो.