बटण हललं की डोकं का फिरतं?

रोजच्या वापरातल्या ॲपने एखादं लाडकं फीचर बदललं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. वापरणारे म्हणतात "वाट लावली ॲपची", आणि ज्यांचं काही बिघडलेलं नसतं ते म्हणतात "लोकांना बदल नकोच असतो, चार दिवस ओरडतील आणि गप्प बसतील". मला हे दुसरं वाक्य जास्त खटकतं, कारण ते अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्यामागे मेंदूत जे चालतं ते भन्नाट आहे.

डोळे मिटून सांगा बरं, तुमच्या सगळ्यात आवडत्या ॲपमध्ये खालच्या पट्टीत डावीकडून तिसरं बटण कुठलं? बहुतेकांना सांगता येणार नाही. पण हातात फोन दिला की अंगठा बरोबर तिथेच जातो, बोलता बोलता, दुसरीकडे बघत असताना सुद्धा. म्हणजे ही माहिती मेंदूत आहे, फक्त ती आपल्याला विचारून वापरली जात नाही.

सवयींचं हे खातं मेंदूच्या खोल भागात, बेसल गँग्लियामध्ये असतं. एमआयटीतल्या ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर यासाठी फार सुंदर प्रयोग केले. इंग्रजी टी अक्षरासारखा रस्ता, क्लिक असा आवाज झाला की दार उघडायचं, उंदीर पुढे गेला की एक सूर वाजायचा आणि त्यावरून डावीकडे वळायचं की उजवीकडे ते ठरायचं, बरोबर वळला तर चॉकलेट. सुरुवातीला बेसल गँग्लियातल्या पेशी रस्ताभर काम करत होत्या. सवय झाल्यावर मात्र त्यांची हालचाल मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी दिसायला लागली, मधला भाग जवळपास शांत! दार, सूर, वळण असे सुटे निर्णय जाऊन सगळ्याचं मिळून एकच पॅकेट झालं, एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत आपोआप चालणारं. पुढे 2005 मध्ये त्यांनी दाखवलं की बक्षीस बंद केल्यावर हा नमुना विरतो, पण बक्षीस परत सुरू केलं की पटकन पुन्हा उगवतो. म्हणजे जुनी सवय पुसली जात नाही, नुसती दबून राहते. बटणाची जागा बदलल्यावर कित्येक दिवस अंगठा जुन्याच ठिकाणी का जातो ते आता लक्षात आलं असेल.

आता पॅकेट सुरू झालं आणि शेवटी भलतंच पान उघडलं तर? इथे मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग कामाला येतात. माकडाला दिवा दाखवून मग रस दिला, तर आधी रस मिळाल्यावर डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी जोरात चालायच्या, शिकल्यावर त्या दिव्यालाच चालायला लागल्या, आणि दिवा लागूनही रस आला नाही तर बरोब्बर रस यायच्या वेळेला त्यांची गती नेहमीपेक्षाही खाली गेली. हिशोब साधा आहे: मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते. जुन्या युजरची अपेक्षा मोठी, म्हणून तेच नवीन पान त्याला वजा उत्तर देतं आणि काल जॉइन झालेल्याला अधिक. (आणि हो, डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन नाही, आणि दोन दिवस फोन बंद ठेवून ते 'डिटॉक्स' वगैरे होत नाही. फोन खुशाल बंद ठेवा, पण रसायनाच्या नावाने दुकान मांडू नका.)

मग ओरडणारे गप्प बसतात हे खरं का? कधी कधी बसतात. सप्टेंबर 2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं तेव्हा लाखो युजर विरोधात उभे राहिले, झुकरबर्गने आधी "शांत व्हा, श्वास घ्या" अशा अर्थाची पोस्ट टाकली आणि तीनच दिवसांत माफी मागितली. गंमत अशी की त्या रागात दोन राग होते. एक सवय मोडल्याचा, तो ओसरला आणि फीड राहिलं. दुसरा, आपली प्रत्येक हालचाल सगळ्यांसमोर येते याचा. तो ओसरण्यासारखा नव्हताच, त्यासाठी प्रायव्हसीची सेटिंग्ज द्यावी लागली.

स्नॅपचॅटला 2018 मध्ये ॲपचं डिझाइन बदलणं महागात पडलं. मित्रांच्या स्टोरी चॅटमध्ये मिसळल्या, विरोधाच्या अर्जावर 12 लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत रोजचे युजर 19.1 कोटींवरून 18.8 कोटींवर आले. कंपनीने स्वतःच कबूल केलं की मुख्य कारण नवीन डिझाइन.

कंपन्यांचं म्हणणं असतं की आम्ही अर्ध्या लोकांना जुनं आणि अर्ध्यांना नवीन देऊन मोजतो. मोजतात, पण टेस्ट थोडक्यात आटोपली तर त्यात नव्याचे नऊ दिवसही येतात आणि जुन्या अंगठ्यांची चिडचिडही, आणि दोन्ही आकडे फसवे. त्यापेक्षा कालच आलेल्या कोऱ्या युजरमध्ये वेगळी तुलना करावी, त्यांच्याकडे मोडायला सवयच नसते. त्यांनाही नवीन डिझाइन जड गेलं तर दोष अंगठ्याचा नाही. आणि त्यांना ते जमतंय पण जुने मात्र हटून बसलेत, तर फीचर काढल्याने त्यांचं नेमकं कुठलं काम अडलं ते जाऊन विचारावं. व्हॉट्सॲपने फेब्रुवारी 2017 मध्ये साधं लेखी स्टेटस काढून फोटो-व्हिडिओवालं आणलं, तेव्हा लोकांचं अडलेलं काम एका ओळीचं होतं. काही आठवड्यांतच ती ओळ 'अबाउट'मध्ये परत आली, आणि नवीन स्टेटसही राहिलं.