व्यासपीठ जगाचे, सिद्धान्त कुणाचे?

समाजशास्त्र नेमके कोणत्या समाजांच्या अनुभवावर उभे आहे, हा या शास्त्राच्या जागतिक अधिवेशनांतील आजचा वादाचा प्रश्न, पण त्याची मुळे या जागतिक व्यासपीठाच्या घडणीतच आहेत. रने वर्म्स यांनी १८९३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय संस्था नावापुरती जगाची आणि प्रत्यक्षात बव्हंशी युरोपीय विद्वानांची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोच्या पुढाकाराने १९४९ मध्ये ऑस्लो येथे आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटना स्थापन झाली, शिकागोचे लुई वर्थ तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी झुरिकला पहिले जागतिक अधिवेशन भरले. प्रारंभी सभासदत्व संस्थांकडे होते; व्यक्तींना ते १९७० च्या सुमारास खुले झाले.

पहिली काही दशके शीतयुद्धाच्या सावलीत गेली. ज्या सोव्हिएत संघाने समाजशास्त्राला दीर्घकाळ भांडवलशाही शास्त्र ठरवून बाजूला ठेवले होते, त्याचे प्रतिनिधी १९५६ च्या ॲम्स्टरडॅम अधिवेशनास आले. भांडण तेव्हा पूर्व आणि पश्चिम यांचे होते. दक्षिणेला, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेला, त्यात फारसे स्थान नव्हते.

ते स्थान १९८० च्या दशकात मागितले गेले. नायजेरियाचे समाजशास्त्रज्ञ अकिन्सोला अकिवोवो यांनी तिथल्या योरुबा भाषिक समाजाच्या मौखिक काव्यातून समाजाच्या एकत्र येण्याची संकल्पना घडवता येते, असे मांडले. संघटनेने १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘इंटरनॅशनल सोशिऑलॉजी’ या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षी ही मांडणी करणारा त्यांचा लेख आला, आणि त्यावर सर्वांत धारदार आक्षेप नायजेरियातील अभ्यासकांनीच घेतले. (पाश्चात्त्य कौतुकापेक्षा हे घरचे खंडन त्या मांडणीच्या अधिक उपयोगाचे होते, असे मला वाटते.) त्याच वर्षी अधिवेशन नवी दिल्लीत भरले, आणि १९९० ते १९९४ या काळात भारताचे टी. के. उम्मन संघटनेचे अध्यक्ष होते. अधिवेशन भरवण्याची आफ्रिकेची पाळी मात्र २००६ मध्ये, दरबानला आली.

स्थळे बदलली तरी वाद मिटला नाही. समाज अनेक असले तरी समाजशास्त्र एकच, असे माजी अध्यक्ष पिओत्र श्टोम्प्का यांचे म्हणणे होते, तर पुढे अध्यक्ष झालेले मायकेल बुरावॉय स्थानिक संघर्षांतून वर येणाऱ्या जागतिक समाजशास्त्राचा आग्रह धरत होते. दोघांचा हा वाद इंग्रजीत झाला. संघटनेच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश आहेत. योरुबा काव्यावरील लेखही इंग्रजीतच छापून आला होता.